तौलनिकराव

अंदमानात हॅवलॉकला निघालेल्या कोणत्याही मराठी ग्रुपमध्ये एक तौलनिकराव असतातच. वय पन्नास ते पासष्ट, नोकरी बँकेत किंवा वीज मंडळात, गळ्यात वॉटरप्रूफ पाऊच आणि पाऊचमध्ये मोबाइलऐवजी घडी घातलेला कागद. कागदावर मधोमध उभी रेघ. डावीकडे ‘बोट’, उजवीकडे ‘किनारा’. बाकीची मंडळी पोर्ट ब्लेअरच्या सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडून उभी असतात, तेव्हा हे मागून हलक्या आवाजात टूर मॅनेजरला विचारतात, “परवा स्कूबाला आपल्याला बोटीतून टाकणार, की वाळूवरून चालत नेणार?”

प्रश्न खोटा नाही. हॅवलॉकला (२०१८ पासून कागदोपत्री स्वराज द्वीप, कोणतं नाव घ्यावं यावर तौलनिकरावांचं वेगळं टिपण आहे) दोन्ही प्रकार चालतात. दोन नंबरच्या बीचजवळ निमो रीफ आहे. तिथे आधी उथळ पाण्यात उभं राहून मास्क चढवायचा, तोंडाने श्वास घ्यायला शिकायचं, मग इन्स्ट्रक्टर मागून सिलिंडर धरून हळूहळू खोलात नेतो. पोहता येत नसलं तरी अडत नाही. बोटीने गेलं तर पाणी सहसा जास्त नितळ, कारण तिथे वाळू ढवळायला नवशिक्यांचे पन्नास पाय नसतात. पण पाठीवर सिलिंडर घेऊन बोटीच्या काठावरून उलटं पाण्यात पडायची तयारी हवी, आणि त्याआधी बोट लागू नये म्हणून देवाला हात जोडायची.

साधा माणूस याचा निकाल दोन मिनिटांत लावतो. बायको म्हणते मला बोट लागते, चला किनाऱ्यावरून. मुलगा म्हणतो इथे फार गर्दी आहे, चला बोटीने. तौलनिकरावांना असला निकाल म्हणजे साक्षीपुरावे न तपासता दिलेली फाशी वाटते. ते दर काढतात: पाण्याखालच्या एका मिनिटाला किती रुपये पडले? त्यात बोटीवरचा वेळ धरायचा की नाही, यावर त्यांचे स्वतःशीच मतभेद आहेत. धरला तर बोट परवडते, सोडला तर किनारा. बोटीवर चहा-बिस्किटं फुकट असतात हे कळलं, की सगळी आकडेमोड खोडून नव्याने.

डाइव्ह शॉपच्या काउंटरवरचा बंगाली पोरगा त्यांना दुरूनच ओळखतो.

“भैया, बोट में जादा खोल जाने को मिलेगा ना?”

“नहीं सर. सर्टिफिकेट नहीं है तो दोनों में बारह मीटर. उसके नीचे नहीं.”

हा घाव खोल बसतो. डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज ही नावं ते महिनाभर सोसायटीत ऐकवत आलेले असतात. ती ठिकाणं रीतसर कोर्स केलेल्यांसाठी आहेत, हे इथे काउंटरवर कळतं. पैसे जास्त आणि खोली तेवढीच! कागदावरचा डावा रकाना एकदम दुबळा पडतो.

त्यांच्या ज्ञानाला मात्र मी हसणार नाही. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, म्हणून उतरताना नाक दाबून कान मोकळे करत राहायचे. श्वास कधीही रोखून धरायचा नाही. डाइव्हनंतर लगेच विमानात बसायचं नाही, एकापेक्षा जास्त डाइव्ह केल्या असतील तर अठरा तास थांबायचं. हे सगळं त्यांनी फेरीबोटीत, ओकणाऱ्यांनासुद्धा, समजावलेलं असतं. अंगठा वर केला तर ‘झकास’ असं नाही, ‘मला वर न्या’ असा अर्थ होतो, हेही त्यांनीच शिकवलं. इन्स्ट्रक्टरच्या पाच मिनिटांपेक्षा ग्रुपला त्यांच्या या पाठाचाच जास्त उपयोग होतो.

अखेर निकाल देते ओहोटी. अंदमानात घड्याळ आपलंच, पण सूर्य पाचच्या सुमारासच वर येतो. तौलनिकराव तेव्हापासून वाळूवर उभे. समोर पाणी मागे सरकलेलं, खडक उघडे पडलेले. शॉपवाला सांगतो, किनाऱ्यावरून आता अकरानंतरच. बोट मात्र लगेच सुटते आहे. एवढ्या अभ्यासाचा निर्णय चंद्राने परस्पर घ्यावा हे त्यांना मानवत नाही. ते बाणेदारपणे अकरापर्यंत थांबतात.

मग पाठीवर पंधरा-सोळा किलोचं सिलिंडर, कमरेला शिसं, पायांत फिन्स, अशा थाटात ते उलटे चालत समुद्रात शिरतात. खाली समुद्रफुलाच्या झुपक्यात नारिंगी क्लाउनफिश दिसतात. वहिनींनी हौसेने घेतलेली लाल पट्टी मातकट दिसते, कारण पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी विरतो. इन्स्ट्रक्टर नंतर सांगतो, की २०१० साली समुद्र तापून इथलं पुष्कळ प्रवाळ पांढरं पडलं होतं. हे कोणत्या रकान्यात लिहायचं ते तौलनिकरावांना सुचत नाही. ते पेन्सिल घेऊन जरा वेळ नुसते बसून राहतात.

तोवर बोट परतते. त्यातले दोघे पिवळेफटक पडलेले. तौलनिकरावांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच सुट्टीचं तेज चढतं. आणि तेवढ्यात मागून एक मुलगी उडी मारत येते, “काका, आम्हाला कासव दिसलं!”

“किती वेळ दिसलं?”

“खूप वेळ. एवढं मोठं!”

“पाण्यात वस्तू सुमारे तेहेतीस टक्के मोठी दिसते,” तौलनिकराव म्हणतात. “म्हणजे तसं लहानच होतं.”

पण त्या रात्री त्यांना मासळीची थाळी गोड लागत नाही.

घरी परतल्यावर ते सल्लागार होतात. तुम्ही किनाऱ्यावरून उतरलात असं सांगितलं, तर “अरेरे! बोटीने जायचंत, कासवं असतात.” बोटीने गेलात, तर “कशाला? खोली तीच, वर ओकाऱ्या.” मी एकदा गंमत म्हणून दोन्ही केल्याचं ठोकून दिलं. ते गप्प झाले, आणि मग म्हणाले, “कोणतं आधी? क्रम महत्त्वाचा.”

मालवणला ते कधीच स्कूबाला गेले नाहीत. तिथे पर्यटकांना बोटीत बसवून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला नेतात आणि उतरवतात. एकच प्रकार असेल तर ठरवायचं काय, आणि ठरवायचं नसेल तर जायचं कशाला? गेल्या दिवाळीत मात्र कुणीतरी त्यांना सांगितलं, की तारकर्लीला एमटीडीसीच्या संस्थेत डायव्हिंग शिकवायला खास तलाव आहे. तौलनिकराव सावरून बसले. खिशातून कागद काढला, मधोमध उभी रेघ मारली आणि मला विचारलं, “तलावाच्या पाण्यात क्लोरीन किती घालतात हो?”