उसवा, सर!

निवृत्त झाल्यावर तिसऱ्या महिन्यात बायको म्हणाली, "तुम्ही आता काहीतरी शिका हो. म्हणजे निदान मला शिकवणार नाही."

३३ वर्षं गणित शिकवलेला माणूस एकदम गप्प बसू शकत नाही. पोळी आणि तवा ही समकेंद्री वर्तुळं असावीत, एवढंच मी सुचवलं होतं. त्यातच सांगलीत विश्रामबागेतल्या नव्या फ्लॅटच्या पडद्यांचा खर्च एका दुकानदाराने कागदावर मांडून दिला. बेरीज मी तीनदा तपासली. दुर्दैवाने बरोबर होती. आमच्या जुन्या घरात पडदा म्हणजे दोन खिळे, एक स्प्रिंग आणि आईचं विटलेलं लुगडं. तोही खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागालाच, कारण वरच्या अर्ध्यातून कोण बघणार? जिराफ? मी ठरवलं, पडदे शिवायला शिकायचं, आणि तेही धंदा म्हणून. चार आयतांच्या कडा दुमडायच्या, यात अवघड ते काय!

गणपती पेठेच्या एका गल्लीत फक्त पडदे शिवणारं दुकान सापडलं. आत शिरलो तर गल्ल्यावरचा माणूस ताडकन उठून उभा राहिला.

"सर, तुम्ही?"

नववी, शेवटून दुसरा बाक, गणितात ३४. पास व्हायला ३५ लागायचे. तो एक मार्क मी का दिला नव्हता, हे त्याला आठवत होतं आणि मलाही. म्हणून आम्ही बराच वेळ पावसाबद्दल बोललो. शेवटी एकदाचं शिकायला आल्याचं सांगितलं.

शिंप्याला मास्तर का म्हणतात, हा प्रश्न मला शाळेत कधी पडला नव्हता. दुकानातली पोरं त्याला मास्तर म्हणत, तो मला सर म्हणे, आणि मी त्याला काय म्हणावं हे दोन दिवस ठरेना. 'अरे' म्हटलं तर पोरं हसत, 'अहो' म्हटलं तर तो लाजे. शेवटी मीही मास्तर म्हणू लागलो. एका गिऱ्हाइकाने विचारलंच, "एक सर, एक मास्तर. मग पडदे शिवतं कोण?"

पहिला महिनाभर त्याने मला कात्रीला हात लावू दिला नाही. नुसती सरळ शिलाई मारायची. आईचं पायमशीन बैलगाडीच्या चालीनं चालायचं. इथलं ज्युकी मशीन पायाचा अंगठा टेकताच असं सुटे, की मी कापडामागे फरपटत जाई. रेषा म्हणजे काय हे मी हजारो मुलांना सांगितलंय; मला स्वतःला ती दीड हातसुद्धा मारता येईना. मास्तर यायचा, कापड उजेडाकडे धरायचा, घसा खाकरायचा. ओरडणार कसा? सर पडलो ना! मग अगदी हळू आवाजात, जणू काही त्याचीच चूक झालीय अशा थाटात म्हणायचा, "उसवा, सर."

कान पिळलेला परवडला असता.

मग माप घ्यायला शिकलो. कापडी टेप वापरायची नाही, ती ताणली जाते. पोलादी टेप हवी. खिडकीची उंची तीन ठिकाणी मोजायची. मी म्हटलं, "आयताच्या समोरासमोरच्या बाजू समान असतात, एकदा मोजलं की पुरे." त्याने काही न बोलता टेप माझ्या हातात दिली. डावीकडे ६०, मधोमध सव्वासाठ, उजवीकडे पावणेएकसष्ट.

"सर, ही खिडकी आयत आहे ना?"

"आयतच आहे."

"मग तेवढं तिला सांगा की."

कापडाचा हिशेब हा तर माझा प्रांत. गिऱ्हाईक फुटांत बोलतं, मास्तर इंचांत कापतो, दुकानदार मीटरवर विकतो आणि गिऱ्हाइकाची सासू अजून वारातच विचारते. दांडा साडेसहा फुटांचा, म्हणजे ७८ इंच. पडद्याला चुण्या पडायच्या तर कापड निदान दुप्पट हवं. घरात पैसा दिसायला हवा असेल तर अडीचपट. दुप्पट म्हणजे १५६ इंच. कापडाचा पन्हा ४८ इंच. भागाकार सव्वातीन. मी ताबडतोब सांगितलं, "तीन. अर्ध्याहून कमी अपूर्णांक सोडून द्यायचा."

"चार," मास्तर म्हणाला. "सोडून दिला तर चुण्या कमी पडतात, वाळत घातलेली चादर दिसते. आणि सर, तीन पडदे दोन बाजूंना कसे वाटणार?"

हाच मुलगा भागाकारात बाकी विसरतो म्हणून मी त्याला बाकावर उभा केला होता. अडीचकी मात्र त्याला तोंडपाठ. "आज्ज्यानं घटवून घेतली," म्हणाला. म्हणजे शाळेचा दोष नाही.

कापड कुठून येतं, असं विचारलं तर म्हणाला, "हे पानिपतचं." घरसजावटीच्या कापडाचं ते मोठं गाव आहे, हे मला खरंच ठाऊक नव्हतं. मराठी माणूस १७६१ नंतर त्या गावाची चौकशी करत नाही. मी ते तीन मीटर कापड जरा जपूनच काखेत मारलं. त्यातून माझ्याच बैठकीच्या खोलीसाठी पहिला अख्खा पडदा शिवायचा होता.

कडा दुमडून पडदा ४६ इंचांचा झाला. आता वर आयलेट, म्हणजे दांड्यात ओवायच्या त्या धातूच्या रिंगा. त्या सम संख्येतच हव्यात. दांडा पडद्याच्या पुढून-मागून असा नागमोडी जातो. रिंगा सम असल्या की दोन्ही टोकं भिंतीकडे वळतात. विषम झाल्या तर एक टोक रुसल्यासारखं खोलीत येऊन उभं राहतं. मी आठ घ्यायचं ठरवलं. दोन्ही कडांना दोन-दोन इंच सोडले, उरले ४२. ४२ भागिले ८, सव्वापाच इंच. खुणा केल्या, पंच ठेवला आणि हातोडी मारत सुटलो. आठवं भोक पाडून पाहिलं, तर पलीकडे सव्वासात इंच कापड नुसतंच लोंबतंय!

वाचकांत कुणी माझे विद्यार्थी असतील तर ते आता हसत असतील. रस्त्याच्या कडेला ठरावीक अंतरावर झाडं लावली तर झाडं किती? अंतरांपेक्षा एक जास्त. हे गणित मी ३३ वर्षं घातलं आणि चुकणाऱ्याला ते दहा वेळा लिहायला लावलं. आठ रिंगांत अंतरं सात. ४२ भागिले ७, बरोबर सहा इंच, कसा गोड भाग जात होता! आता नववी रिंग मारावी तर संख्या विषम. ज्या गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं, त्या नाट्यपंढरीत माझा पडदा असा पडला.

मास्तर आला. खाकरला. पण 'उसवा' म्हणेना. शिलाई उसवता येते, भोक कसं उसवणार? त्याने जास्तीचं कापड कापलं, कड पुन्हा दुमडली आणि अरुंद झालेला तो पडदा मला घरी नेऊ दिला. त्याच्या बाजूला आता जी फट राहते, तिच्यातून समोरचे काका रोज सकाळी मला नमस्कार करतात.

पहिली बाहेरची ऑर्डर चार महिन्यांनी मिळाली. दार उघडणारी बाई मला पाहून दचकली. "सर! आमच्या बाळ्यानं काही केलं का?"

"नाही, खिडकीचं माप घ्यायला आलोय."

पुढची पाच मिनिटं ती निवृत्तिवेतनाची चौकशी फार हळुवारपणे करत होती.

पडदे शिवले. रिंगा आठ, अंतरं सात, कापडावरची फुलं सगळी सुलटी. पंधरा दिवसांनी मास्तर आणि मी लावायला गेलो. पडदा दांड्यावर चढला आणि खाली बघतो तर जमिनीपासून चांगला दोन इंच वर! अर्धा इंच वर हवा होता. रिंगेच्या वरचा, दांड्याच्या डोक्यावर उभा राहतो तो दीड इंचाचा पट्टा मी लांबीत धरलाच नव्हता. मला दरदरून घाम फुटला.

"सर," मास्तर म्हणाला, "खाली चार इंचांची दुहेरी दुमड आपण कशासाठी ठेवतो?"

मी गप्प.

"उसवा."

मी खिडकीखाली मांडी घालून बसलो आणि टाके काढू लागलो. बाईंनी दोघांना चहा दिला. मग दारामागून बाळ्याला ओढून पुढे केलं, त्याच्या हातात वही. "सर, बसलाच आहात तर याचं एक गणित बघता का? सकाळपासून अडलंय."

वहीत लिहिलं होतं : १०० मीटर लांबीच्या रस्त्याच्या एका कडेला, दोन्ही टोकांसह, दर १० मीटरवर एक झाड लावले, तर...

मी वही मिटली आणि शिडीवर उभ्या असलेल्या माणसाकडे बोट केलं. "ते मास्तरांना विचार."