सांताची दाढी, घरचा माल

नाताळ आमच्या घरी कधी आला नव्हता. २०२४ साली लेकराच्या इंग्रजी शाळेने तो पाठवला, सोबत आठ दिवसांची सुट्टी देऊन. २६ डिसेंबरला गल्लीतली जिल्हा परिषदेच्या शाळेची पोरं दप्तरं घेऊन निघाली, तेव्हा आमचे चिरंजीव ओट्यावर उभे राहून त्यांना हात हलवत होते. बिचाऱ्यांना वाटलं, याला ताप आलाय.

खरं तर भानगड दोन दिवस आधीच सुरू झाली होती. स्नेहसंमेलनात पोराला सांताक्लॉज केलं होतं. लाल स्वेटर आत्याचा मिळाला. हिंगोलीच्या बाजारात तयार दाढीचे दीडशे रुपये सांगितले. ते ऐकून आई कडाडली, "घरात चार क्विंटल कापूस पडलाय अन् दाढी ईकत आणायलास?"

कापूस होता, हे खरं. भाव वाढेल या आशेवर आम्ही तो पुढच्या खोलीत भरून ठेवला होता आणि पाव्हण्यांना त्याच्याच कडेला बसवत होतो. लांब धाग्याचा हमीभाव त्या साली क्विंटलला ७,५२१ रुपये. म्हणजे वर बेचाळीस पैसे टाकले की दीडशे रुपयांत दोन किलो कापूस येतो. तेवढ्यात अख्खा वर्ग म्हातारा झाला असता. आईने पावशेर कापूस घेऊन फडक्यावर टाचला. सरकी काढायचं मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. शिवाय घरात साठवलेल्या कापसाची खाज ज्याला माहीत आहे, त्याला पुढचं सांगायला नको. आमचा सांता गाणं संपेपर्यंत हनुवटी खाजवत होता. मागच्या रांगेतल्या एका पालकांनी त्या नाचाचं फार कौतुक केलं.

२६ तारीख गुरुवारची. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार आणि नेमकी एकादशी. गल्लीत बायकांचे दोन पक्ष पडले. एका पक्षाने १९ तारखेलाच उद्यापन उरकलं होतं, दुसरा म्हणे एकादशी असली म्हणून देवी काय परत जाते का! आमच्या सौभाग्यवती दुसऱ्या पक्षात. नैवेद्य झाला, पण जेवायला कुणी नाही, सगळ्यांना उपास. त्यात पोराने दप्तरातून शाळेत मिळालेला केक काढला.

"उपासाला चालतो का रे ह्यो?" आईने विचारलं.

मी डबीवरचं वाचलं. मैदा. आईने केक फडताळात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, त्याच्यावरच उपास सोडला. पुरणपोळी नंतर.

मग घर जरा शांत झालं. दुपारी उन्हात बसून तुरीचे सोले काढायचे, एवढंच काम. पण शाळेने सुट्टीतला अभ्यास दिला होता: बर्फाच्या माणसाचं चित्र. पोराने बर्फ कसा असतो ते विचारलं, मी बेसावधपणे पुढच्या खोलीकडे बोट दाखवलं. तासाभराने आत पाहिलं तर साहेब गळ्यापर्यंत कापसात. बर्फाने माणूस गारठतो म्हणतात. आमच्या बर्फाने त्याला दोनदा कढत पाण्याने आंघोळ घालावी लागली.

३० तारखेला सोमवती अमावस्या. आईला औंढ्या नागनाथाला जायचं होतं. आदल्या रात्री पोराची दाढी हरवली. सगळं घर शोधलं, अखेर आईच्या मांडीवर सापडली, अर्धी. उरलेल्या अर्धीच्या वाती होऊन ताटात पडल्या होत्या. पोराने भोकाड पसरलं. बायको म्हणाली, "अहो आई, तोंडाला लागलेली दाढी देवाला कशी चालेल?"

आई आडतीतल्या पारखीसारखी म्हणाली, "वरचा थर काढून टाकलाय. आतला माल एक नंबर हाय."

औंढ्याला दर्शनाची रांग लांबच लांब होती. ती सरकेपर्यंत पोराचं रडू थांबलं आणि दिवा लावताना त्याने मागच्या अनोळखी आजोबांना अभिमानाने सांगितलं, "ही सांताची दाढी आहे." आजोबांनी हात जोडले.

कापूस आम्ही जानेवारीत विकला. भाव वाढला नव्हता. काट्यावर वजन चार क्विंटलला थोडं कमी भरलं, तेव्हा व्यापारी म्हणाला, घरात ठेवल्याने तूट येतेच. मी दाढीचं काही बोललो नाही.