धाबळी आणि डिझेल

माझ्या आजीच्या सोवळ्याचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण ते मोडल्याची शिक्षा वाड्यातल्या प्रत्येक पोराला तोंडपाठ होती. सकाळी धुऊन दांडीवर टाकलेला माझा सुती सदरा ओवळा, कारण काढताना त्याला कुणीतरी शिवलेलं असायचं. खुंटीवरची धाबळी मात्र कायम सोवळी. तिला १९६१च्या पानशेतच्या पुरात जे काय पाणी लागलं असेल तेवढंच. "आजी, तिला वास येतो," मी एकदा धीर करून म्हणालो. "येऊ दे. लोकरीला विटाळ नसतो," आजी म्हणाली आणि तीच धाबळी नेसून पुरणाला बसली.

या वाक्याचा अर्थ मला पंचेचाळीस वर्षांनी लंडनमध्ये कळला, आणि तोही मोटारींच्या एका दलालाकडून.

लंडनच्या सोवळ्याला यूलेझ (अल्ट्रा लो एमिशन झोन) म्हणतात, आणि ते गाड्यांच्या धुराचं असतं. ८ एप्रिल २०१९ रोजी ते सुरू झालं तेव्हा फक्त देवघरापुरतं, म्हणजे मध्य लंडनपुरतं होतं. ऑक्टोबर २०२१मध्ये ते माजघरात आलं, नॉर्थ आणि साउथ सर्क्युलर रस्त्यांपर्यंत. आणि २९ ऑगस्ट २०२३ला ओसरी, अंगण, परसातला संडास असं सगळं घर एकदम सोवळ्यात गेलं. आम्ही हॅरोला राहतो. म्हणजे यातलं काय, ते वाचकांनी ठरवावं.

ओवळी गाडी रस्त्यावर आणली तर दिवसाची दक्षिणा साडेबारा पौंड. दिवस मध्यरात्री बदलतो, त्यामुळे रात्री जेवायला गेलेला माणूस गप्पांत रमून साडेबाराला परतला की दोन दक्षिणा. वर्षातून एकच दिवस सोवळं सैल, २५ डिसेंबर. भरायला विसरलात तर दंड १८० पौंड, चौदा दिवसांत शरण आलात तर निम्मा. दक्षिणा दिल्यावर धूर तेवढाच निघतो, पण आता त्याला पावती असते.

आता सोवळं कोण? पेट्रोलची गाडी युरो ४ या धुराच्या मानकाची असावी, म्हणजे साधारण २००६ पासूनची. डिझेलची युरो ६, म्हणजे सप्टेंबर २०१५ नंतरची. नियम फक्त नायट्रोजनची ऑक्साइडं आणि काजळीचे कण बघतो. गाडी तेल किती पिते, कार्बन डायऑक्साइड किती सोडते, मालकाला माज किती, हे त्याच्या चौकशीत येत नाही. त्यामुळे २००६ची आठ सिलिंडरांची, ४.२ लिटर इंजिनाची, शहरात लिटरला जेमतेम सहा-सात किलोमीटर चालणारी जॅग्वार शुद्ध सोवळी. आणि माझी २०१३ची काटकसरी डिझेल गाडी, जी थेंब थेंब मोजून पीत असे आणि जिचा रस्ताकर वर्षाला तीस पौंड होता, ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर.

ती डिझेल मी काही छंद म्हणून घेतली नव्हती. सरकारनेच घ्यायला लावली होती. २००१ साली ब्रिटनने रस्ताकर कार्बन डायऑक्साइडवर बेतला. डिझेल तो कमी सोडतं, म्हणून डिझेल पुण्यवान ठरलं. दहाएक वर्षांत नव्या गाड्यांपैकी जवळजवळ निम्म्या डिझेलच्या झाल्या. आम्हीही पुण्य पदरात पाडून घेतलं. मग सप्टेंबर २०१५मध्ये अमेरिकेत उघडकीला आलं, की फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांना आपली परीक्षा चालू आहे हे कळत असे. निरीक्षक वर्गात आला की हाताची घडी तोंडावर बोट, तो गेला की धिंगाणा. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या. आमच्या शाळेतही हे तंत्र होतं, पण त्यासाठी कुणी जर्मन इंजिनिअर ठेवले नव्हते.

तर डिझेल विकली. विकली म्हणजे वॉटफर्डला दिली. वॉटफर्ड लंडनच्या हद्दीबाहेर, आमच्यापासून मेट्रोपॉलिटन लाइनने थोडी स्टेशनं. तिथे तीच गाडी तोच धूर सोडत हिंडते आणि तिला कुणी काही म्हणत नाही. वॉटफर्डच्या माणसांना फुप्फुसं असतात की नाही, याची मी चौकशी केलेली नाही.

"आता सरळ एखादी हायब्रिड घ्या," बायको म्हणाली. या सल्ल्यात काहीही चूक नव्हती, म्हणूनच मी तो मानला नाही. माणसाला पंचावन्नाव्या वर्षी पहिल्यांदाच वाटतं, की आपल्याकडे एक वेगळी, जुनी, स्वभाव असलेली गाडी हवी. हे वाटणं आणि गुडघे दुखणं एकाच सुमारास सुरू होतं. मी जुन्या पण सोवळ्या गाडीच्या शोधाला लागलो.

या शोधाचं मुख्य साधन म्हणजे फोनवरचा एक चौकोन. त्यात गाडीचा नंबर टाकायचा, क्षणात निकाल. याचं व्यसन लागतं. बससाठी उभा असताना मी समोरून जाणाऱ्या गाड्यांचे नंबर टाकू लागलो. गणपतीत डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात गेलो, तर आरतीआधी बाहेर उभ्या गाड्यांची अर्धी रांग तपासून झाली. १९३२ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या दारात दुसऱ्याची शुद्धाशुद्धता बघत उभा राहणारा मी काही पहिला मराठी माणूस नसेन.

हळूहळू जाहिरातींची भाषा कळायला लागली. 'इंटरेस्टिंग' म्हणजे सुटे भाग मिळत नाहीत. 'खूप प्रेमाने वापरलेली' म्हणजे आतून कुत्र्याचा वास. 'दुसरी गाडी घेतल्यामुळे खेदाने विकणे' यातला खेद खराच असतो, पण तो तुम्हाला पुढच्या पावसाळ्यात समजतो, आणि इथे पावसाळा बाराही महिने. मी एक साब पाहिली. कंपनीचं दिवाळं २०११मध्येच निघालं आहे. एक रोव्हर ७५ पाहिली, तिचे निर्माते २००५मध्ये बुडाले. यूलेझमध्ये बसणाऱ्या जुन्या गाड्यांची यादी वाचताना आपण मोटारी बघतोय की गावच्या पडक्या वाड्यांचे सातबारा, असं वाटायला लागतं. मालक गेला, वारस परागंदा, पण कागद स्वच्छ.

सगळ्यात मजा २००१ ते २००५च्या पेट्रोल गाड्यांची. वयाने त्या नापास, पण त्यांतल्या काही मुळातच गुणी निघाल्या. नोंदणीच्या कागदावर नायट्रोजन ऑक्साइडांचा आकडा किलोमीटरला ०.०८ ग्रॅम किंवा कमी असेल तर त्या चालतात. कागदावर आकडाच नसेल तर कंपनीकडून गाडीच्या जन्मावेळचा दाखला आणायचा. म्हणजे सकाळी चहा घेत मी मध्यमवयीन परदेशी मोटारींचे जातीचे दाखले शोधत बसायचो. आमच्या शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाई म्हणाल्या, "तुम्ही एवढा अभ्यास तुमच्या मुलीच्या शाळेसाठी केला होता का?" केला नव्हता. शाळेला आठ सिलिंडर नव्हते.

अशात साउथहॉलचा तो दलाल भेटला. पंजाबी, उदार, हातात कायम चहा. "भाईसाब, तुम्ही उगाच तरुण गाड्यांच्या मागे लागलात," म्हणत त्याने ताडपत्री ओढली. खाली साक्षात अँबॅसडर! माझ्या डोळ्यांसमोरून दोन कलेक्टर आणि एक मामा गेले. पण ती अँबॅसडर नव्हती, तिची आई होती. १९५७ची मॉरिस ऑक्सफर्ड, तिसरी मालिका. हाच साचा उचलून आपल्याकडे उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत गाड्या काढल्या. त्याने किल्ली फिरवली. आधी खोकला, मग धक्का, आणि मग असा निळा धूर निघाला की समोरचं मिठाईचं दुकान दिसेना.

"यूलेझ?" मी रुमालातून विचारलं.

"फ्री."

"या गाडीला?"

"चाळीस वर्षांच्या वर गेली की ऐतिहासिक. कर नाही, तपासणी नाही, यूलेझ नाही. बुजुर्गांना कोण हात लावतो?"

मला आजी आठवली. लोकरीला विटाळ नसतो.

ही सवलत एसटीसारखी आहे. पंचाहत्तरी ओलांडली की आपल्याकडे अमृत ज्येष्ठ नागरिक म्हणून फुकट प्रवास, तशी इथे मोटारीची चाळिशी. भारतात गाडीला व्हिंटेज व्हायला पन्नाशी पार करावी लागते, इथे चाळिशीत काम होतं. इंग्रज लवकर थकतो. दिल्लीत तर २०१५ साली डिझेल गाडीला दहा वर्षं झाली की बाहेरचा रस्ता ठरला होता, मग मधली चाळीस वर्षं तिने अज्ञातवास कुठे करायचा हे विराटालाच ठाऊक. लंडनमध्ये तोल सगळा दोन टोकांना आहे. नवजात चालतात आणि अतिवृद्ध चालतात. ज्यांनी आयुष्यभर ऑफिस गाठलं, पोरं शाळेत सोडली, ते मधले तेवढे गुन्हेगार.

अर्थात सनदी हिशेब मांडला तर ऐतिहासिक गाड्या थोड्या, त्या रविवारी ऊन पडलं तर निघतात, आणि लंडनचं ऊन पाहता हे प्रदूषण नगण्य. हे मला कळतं. हेही कळतं, की सोवळ्या पेट्रोलची आणि नव्या डिझेलची मर्यादा एकच, ०.०८ ग्रॅम, आणि माझ्या पिढीच्या डिझेलला कागदावरच ०.१८ माफ होते. लुइशॅमला साउथ सर्क्युलरच्या जवळ राहणारी एला नावाची नऊ वर्षांची मुलगी २०१३ साली दम्याने गेली. डिसेंबर २०२०मध्ये कोरोनरने तिच्या मृत्यूच्या कारणांमध्ये हवेचं प्रदूषण नोंदवलं. ब्रिटनमध्ये तसं पहिल्यांदाच झालं. तिच्या मृत्यूच्या वर्षीच माझी डिझेल शोरूममधून बाहेर पडली होती. यावर मला विनोद सुचत नाही.

राजकारण्यांवर सुचतो, पण तिथे माझी गरज नाही. यूलेझला २०१५मध्ये मंजुरी दिली महापौर बोरिस जॉन्सन यांनी. वाढवलं त्यांच्यानंतरचे महापौर सादिक खान यांनी. २०२३च्या जुलैत जॉन्सन यांनी सोडलेल्या अक्सब्रिजच्या खासदारकीच्या जागेवर पोटनिवडणूक झाली, तेव्हा जॉन्सन यांच्याच पक्षाने यूलेझविरुद्ध रान उठवलं आणि ४९५ मतांनी जागा राखली. मुलाचं बारसं जेवून मुलगा आपला नाही म्हणायचं, आणि वर त्याच्या नावाने वर्गणी गोळा करायची. इकडे रात्री काही मंडळी ग्राइंडर घेऊन यूलेझच्या कॅमेऱ्यांचे खांब कापत होती. त्यांना 'ब्लेड रनर्स' म्हणतात. आपल्याकडे नाव तरी एखाद्या महापुरुषाचं घेतलं असतं.

मॉरिस मी घेतली नाही. बायको म्हणाली, "त्या धुराला पावतीही नसेल." जॅग्वार पुन्हा एकदा पाहून आलो. आता ती टाटांची, २००८ पासून, म्हणजे माहेरचीच म्हणायची. पण पेट्रोल पंपावर तिच्या मालकाचा चेहरा पाहिला आणि दक्षिणा स्वस्त वाटली.

मागच्या रविवारी एका मित्राने वॉटफर्डला बोलावलं. हा हॅरोचा, जुना सीओईपीवाला. त्याने १९८७ची एक चौकोनी व्होल्वो घेतली आहे, पेट्रोलची, लांबच लांब, सोफ्यासारखी. आज ती ओवळी. पण ऐतिहासिक वय दर १ एप्रिलला मोजतात, आणि नियम असाच राहिला तर २०२८च्या १ एप्रिलला तिला मोक्ष आहे. (तारीख मी ठरवलेली नाही.) तोवर ती हद्दीबाहेर एका भाड्याच्या गॅरेजात बाजूला बसली आहे. हा दर रविवारी डबा आणि फडकं घेऊन रेल्वेने तिला भेटायला जातो.

आम्ही दार उघडलं. त्याने बॉनेटवरची धूळ पुसली, आत बसला, शेजारची सीट झटकून मला बसवलं आणि इंजिन चालू केलं. कुठे जायचं नव्हतं. थालीपीठ खात आम्ही पंधरा मिनिटं तो आवाज ऐकत होतो. गॅरेज हळूहळू धुराने भरलं, तसं त्याने उठून दार थोडं आणखी उघडलं. वॉटफर्डच्या बाजूला.

सवयीने माझा हात खिशात गेला. चौकोन उघडून मी नंबर टाकायला लागलो.

"अरे, इथे नको," तो हळूच म्हणाला. "तिच्यासमोर नको."