'शंभर टक्के पास' बॅचच्या संचालकांना

राजमान्य राजश्री संचालकसाहेब यांच्या चरणी,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

पर्सनल ट्रेनरचं सर्टिफिकेट मिळावं म्हणून आपण आम्हा पामरांसाठी 'शंभर टक्के पास' बॅच काढलीत. हे उपकार कसे फेडावेत, समजत नाही. फी तेवढी आगाऊ फेडली आहे.

आधी नोट्सबद्दल आभार. एवढं जाडजूड पुस्तक आपण दोन वीकेंडांत बसवलंत! रोटेटर कफचे स्नायू चार, असं पुस्तक सांगतं. आपल्या नोट्समध्ये सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस आणि टेरेस मायनर आहेत. सबस्कॅप्युलरिस झेरॉक्सच्या कडेला कापला गेला. दंड आत वळवायचं काम चौघांत त्याच्याकडेच असतं, पण असो. आपले विद्यार्थी हात बाहेरच वळवतील.

व्हॉट्सॲपवर आलेली 'हेच येणार' ही प्रश्नावलीही शिरसावंद्य. पर्सनल ट्रेनरचं सर्टिफिकेट देणाऱ्या एसीई या संस्थेच्या परीक्षेत 3 तासांत 150 प्रश्न असतात. त्यांतल्या 25 प्रश्नांना गुणच नसतात, आणि ते कोणते हे उमेदवाराला कळत नाही. आपल्याला सगळंच आधी कळतं, तर तेवढे 25 वगळून पाठवायचे होते. आमचं पाठांतर वाचलं असतं.

पण खरं ऋण प्रश्नावलीतल्या त्या अठ्ठावन्न वर्षांच्या बाईंच्या प्रश्नाचं. बाईंना रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू आहे, डॉक्टरांनी व्यायामाला परवानगी दिली आहे, तर तीव्रता कशावरून ठरवाल? आपलं उत्तर दोन ओळींत: 220 वजा 58, म्हणजे 162. त्याचे 80 टक्के, म्हणजे 130. "सूत्र टाका, विषय संपवा." विषय नाही सर, बाई संपतील. ती गोळी नाडी फारशी वाढू देत नाही. बाईंना धाप लागली तरी घड्याळात आकडा खालीच राहणार, आणि आपला विद्यार्थी 130 गाठण्यासाठी ट्रेडमिलचा वेग वाढवत राहणार. मुळात 220 वजा वय हीच सरासरी. धडधाकट माणसांतही दहा-बारा ठोके सहज इकडेतिकडे होतात. म्हणून अशा वेळी बाईंनाच विचारायचं असतं, किती जड जातंय? त्यासाठी बोर्ग नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने 6 ते 20 अशी मोजपट्टीही करून ठेवली आहे. चालता चालता बोलता येतंय का, एवढं पाहिलं तरी बरंच कळतं. पण बोलण्याचं काम आपण क्लायंटकडे कधी सोपवलंच नाहीत.

सीपीआरच्या सर्टिफिकेटबद्दल काय बोलावं! ते पीडीएफ होऊन थेट फोनवर आलं. नावाचं स्पेलिंगसुद्धा बरोबर. छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा, किमान 5 सेंटिमीटर खोल दाबायची असते म्हणे. आपल्या कृपेने आम्ही अजून उशीही दाबलेली नाही, तरी तरबेज आहोत.

आणि तो प्रोटीनचा डबा! ट्रेनरने आजाराचं निदान करू नये, औषध सांगू नये, सप्लिमेंट लिहून देऊ नये, असं अभ्यासक्रम बजावतो. तो धडा आपण शिकवलात त्याच दिवशी, त्याच टेबलावर डबे मांडलेत. बॅचवाल्यांना सवलतही दिलीत. ट्रेनरने काय करू नये ते प्रात्यक्षिकासह शिकवणारे गुरू आता दुर्मीळ झालेत.

आपल्या वेळेची किंमत मी जाणतो, म्हणून एकच मागणं. आपल्या जिममध्ये संध्याकाळी पाचला एक काकू येतात. ट्रेडमिलवर कठडा घट्ट धरून चालतात आणि आपण लांबून "अजून थोडं, अजून थोडं" म्हणता. उद्या त्या आल्या की मशीन सुरू करण्याआधी एकदा विचारा: काकू, कुठली गोळी चालू आहे?

आपला आज्ञाधारक,
शेवटच्या बाकावरचा एक पास होऊ घातलेला

ता. क. : डबा परत घेता का? सील फोडलेलं नाही.