काकूंचं म्हणणं : मावशीवर एकही गाणं नाही!

"अरे, काल संध्याकाळी तुमच्याकडे कोण बोंबलत होतं? मी भाजीखालचा गॅस बंद करून बाहेर आले."

"कोणी नाही काकू, रेकॉर्ड लावली होती. जॉन लेननची, 1970 सालची. 'प्लास्टिक ओनो बँड' नाव तिचं."

"तो बीटल्समधला? गोल चष्मेवाला? त्याला काय कमी होतं ओरडायला?"

"आई."

काकूंनी कढीपत्ता तोडायचा थांबवला आणि त्या कुंपणाच्या भिंतीला नीट टेकल्या. रॉक संगीतात त्यांना रस नाही. पण घरगुती प्रकरण म्हटलं की देश कुठलाही चालतो.

"सावत्र होती का?"

"सख्खीच. वडील बोटीवर नोकरीला, महिनोन् महिने पत्ता नाही. आई, ज्यूलिया, दुसऱ्याबरोबर राहायला लागली. पाच वर्षांच्या पोराला तिच्या थोरल्या बहिणीनं, मिमीनं, आपल्या घरी नेलं."

"माय मरो, मावशी जगो. उगाच नाही म्हणत."

"आई मरायची होती अजून, काकू. ती त्याच लिव्हरपूलमध्ये राहायची, बहिणीकडे येऊन-जाऊन असायची. पोराला बँजो वाजवायला तिनंच शिकवलं. 15 जुलै 1958 ला मिमीकडून निघाली, घरासमोरचा रस्ता ओलांडताना मोटारीनं उडवलं. चालवणारा पोलीस, तेव्हा ड्यूटीवर नव्हता. सुटला तो. जॉन सतरा वर्षांचा. आई आपण दोनदा गमावली, असं तो पुढे सांगायचा."

काकू क्षणभर गप्प. मग लगेच, "आणि बाप?"

बापाचं प्रकरण मी राखूनच ठेवलं होतं. हे गृहस्थ, फ्रेडी लेनन, वर्षानुवर्षं गायब. मुलगा जगप्रसिद्ध झाल्यावर उगवले. तेव्हा एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात भांडी घासायचं काम करत होते. 1965 च्या 31 डिसेंबरला त्यांनी स्वतःचीही एक रेकॉर्ड काढली, आपल्याच आयुष्यावर! आणि पन्नाशी उलटल्यावर 1968 मध्ये विशीच्या आतल्या मुलीशी लग्न केलं.

"अगं बाई! मुलाच्या वयाची पण नाही."

"मुलाहून लहान. आता ऐका. 9 ऑक्टोबर 1970, जॉनचा तिसावा वाढदिवस. याच रेकॉर्डचं काम चालू. वडील बायकोला घेऊन टिटनहर्स्ट पार्कला, त्याच्या बंगल्यावर, भेटायला आले. जॉननं वर्षानुवर्षांचं साचलेलं त्यांच्या अंगावर काढलं."

"चांगलं केलं. नाही, म्हणजे वाढदिवसाला नको होतं करायला. पण चांगलं केलं."

हे सगळं एकदम कसं वर आलं, हा काकूंचा पुढचा प्रश्न. आर्थर जॅनोव्ह नावाचे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ होते. लहानपणी गिळलेलं दुःख पुन्हा भोगायचं, रडायचं, किंचाळायचं, ही त्यांची पद्धत. जॉन आणि त्याची बायको योको काही महिने लॉस एंजेलिसला जाऊन ते उपचार घेऊन आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बीटल्स फुटल्याची बातमी जगभर झाली होती. शरद ऋतूत ही जोडी लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत शिरली. ड्रमवर बीटल्समधला जुना मित्र रिंगो, बेसवर क्लाउस व्होरमन, पियानो-गिटार जॉनची. 'गॉड'मध्ये बिली प्रेस्टनचा पियानो. जवळपास एवढंच. निर्मात्यांत नाव फिल स्पेक्टरचं; हा माणूस वाद्यांवर वाद्यं चढवून भिंत उभी करण्याबद्दल प्रसिद्ध. ही रेकॉर्ड येण्याच्या दोनच आठवडे आधी बीटल्समधल्याच जॉर्ज हॅरिसनचा तीन रेकॉर्ड्सचा भरगच्च संच आला, तोही यानंच केलेला. इथे मात्र फोडणीशिवायचं वरण.

रेकॉर्डवर सुई टेकली की आधी थोडी खरखर, मग संथ घंटा, कोणी गेल्यावर वाजवतात तशी. घंटा थांबते आणि प्रस्तावना वगैरे काही न करता जॉन आईला हाक मारतो. शेवटी तीच तीच विनवणी, दर खेपेला आवाज आणखी फाटत जातो. काकूंनी ऐकलं ते हेच. आवाज खरा लागला की नाटकी, हे मी त्यांना विचारलं. "खराच. नाटकी असता तर मी गॅस बंद केला नसता."

पहिल्या बाजूवरचं 'वर्किंग क्लास हीरो' नुसत्या गिटारवर आहे. मध्येच गिटारचा नाद बदलतो, दुसरीकडची टेप जोडलेली स्पष्ट कळते. ते तसंच ठेवलंय, आणि मला ते आवडतं. त्यात एक शिवी आहे. ईएमआय या रेकॉर्ड कंपनीनं ती छापू दिली नाही, तर यांनी गीतांच्या कागदावर फुल्या मारल्या आणि ईएमआयच्या आग्रहावरून गाळल्याचंही छापून टाकलं.

"वस्ताद आहे! आणि तो ऋषिकेशला आला होता ना?"

आला होता, 1968 मध्ये, महर्षी महेश योगींकडे. बोटांनी तारा छेडायची एक पद्धत तो तिथे गायक डोनोव्हनकडून शिकला. दुसऱ्या बाजूवरच्या 'लुक ॲट मी'त तीच ऐकू येते. पण त्याच बाजूच्या 'गॉड'मध्ये आपला कशाकशावर विश्वास नाही याची यादी येते, तीत मंत्र, योग आणि गीताही आहे.

"गीता?" काकूंच्या भुवया वर.

"बायबलही आहे काकू, बुद्धही आहे. शेवटचं नाव बीटल्सचं."

"मग ठीक. स्वतःचं घर जाळून मग दुसऱ्याचं जाळलं."

खरं तर क्रम उलटा आहे, पण मी काही बोललो नाही.

शेवटचं गाणंही आईवरच आहे, हे सांगून मी आत जाऊन कव्हर आणून दाखवलं. झाडाखाली दोघं, तो तिच्या अंगावर रेललेला. मागच्या बाजूला जॉनचा शाळकरी वयातला फोटो. योकोचीही रेकॉर्ड त्याच दिवशी, 11 डिसेंबरला आली, कव्हरही जवळजवळ तेच, फक्त तिथे ती त्याच्यावर रेललीय. फोटो काढला डॅन रिक्टर नावाच्या नटानं, साध्या स्वस्त कॅमेऱ्यानं. '2001 : अ स्पेस ओडिसी'तला तो मुख्य माकडमानव, तोच हा.

काकूंनी शाळकरी फोटो बराच वेळ पाहिला. भांग नीट पाडलेला. "हा भांग कोणी पाडला असेल? मिमीनं. शाळेत घातलं कोणी? मिमीनं. आणि गाणी? पहिलं आईवर, शेवटचंही आईवर म्हणतोस. मावशीवर?"

"एकही नाही. पण 1965 मध्ये त्यानं तिला समुद्रकाठी बंगला घेऊन दिला होता."

"बंगला दिला, गाणं नाही दिलं," काकू म्हणाल्या. या रेकॉर्डवर इतकं नेमकं बोट मी तरी कुठल्या समीक्षकाला ठेवताना वाचलेलं नाही.

ऐकायची असेल तर सुटी गाणी ऐकू नका, दोन्ही बाजू सलग ऐका. शेवटचं मिनिटभराचं गाणं त्यानं साध्या कॅसेटवर टिपलेलं आहे, ते त्या क्रमातच कळतं. चहाबरोबर लावायला 1971 ची 'इमॅजिन' आहे. त्यातलं 'इमॅजिन' म्हणजे 'वर्किंग क्लास हीरो'च, वरून साखर लावलेलं, असं जॉनच म्हणाला होता. काकूंनी मात्र साखरेवाली नको, परवा हीच लाव, म्हणून सांगितलंय.