खर्जाचा खर्च

बेस गिटार या वाद्याच्या अर्थकारणाचा विचार करताना एक विसंगती आरंभीच मान्य करावी लागते, ती अशी की बँडमधील ज्या वाद्याचा स्वर श्रोत्यांना कानांपेक्षा बरगड्यांतून आणि खुर्चीतून अधिक जाणवतो, त्याच वाद्याच्या सूक्ष्म स्वरभेदांवर त्याचा वादक पैसा, वेळ आणि घरातील मंडळींची सहनशीलता सर्वाधिक खर्च करतो. साध्या गिटारपेक्षा एक सप्तक खाली लागणाऱ्या चार जाड तारा आणि वीज नसेल तर जवळजवळ मुके राहणारे भरीव लाकडी धड, एवढाच या वाद्याचा संसार असतो. अशा दोन गिटारींच्या आवाजातला फरक वादकाला झोपेतही ओळखता येतो, त्याच्याच बँडमधील ड्रमरला जागेपणीही येत नाही, आणि श्रोत्यांपैकी बहुतेकांना मुळात दोन गिटारवादकांपैकी बेस कोणता हेच ठाऊक नसते. असे असूनही हा खर्च थांबत नाही, याची कारणे वाद्याच्या जन्मकथेत शोधावी लागतात.

सिअ‍ॅटलच्या पॉल टटमार्क यांनी १९३० च्या दशकातच आडवा धरून वाजवता येईल असा विजेचा बेस बनवला होता, परंतु तो फारसा खपला नाही. खपला तो कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांनी १९५१ साली बाजारात आणलेला ‘प्रिसिजन बेस’. तोपर्यंत खर्जाचे काम माणसाहून उंच अशा डबल बेसकडे होते, ज्याच्या दांडीवर पडदे, म्हणजे स्वरस्थाने पक्की करणाऱ्या धातूच्या आडव्या पट्ट्या, नसत आणि म्हणून बोट केसभर सरकले तरी स्वर ढळत असे. फेंडर यांनी पडदे ठोकले, स्वर नेमका केला आणि नावातच तसे जाहीर केले. फेंडर यांनी महाविद्यालयात हिशेबनिशी शिकली होती, त्यांचा व्यवसाय रेडिओदुरुस्तीचा होता आणि गिटार त्यांना वाजवता येत नव्हती, ही माहिती त्यांच्या वाद्यांची रचना समजून घेताना फार उपयोगी पडते. दांडी धडाला सरसाने कायमची चिकटवण्याऐवजी त्यांनी ती चार स्क्रूंनी बसवली, हेतू हा की कारखान्यातले काम झपाट्याने व्हावे आणि दांडी बिघडली तर वाद्य न टाकता फक्त दांडी बदलावी. हिशेबी माणसाने काटकसरीसाठी केलेल्या या सोयीने पुढच्या पिढ्यांच्या हाती स्क्रूड्रायव्हर दिला, आणि त्या स्क्रूड्रायव्हरने झालेल्या खर्चाची वही मात्र कोणीच ठेवलेली दिसत नाही.

पहिली बेस गिटार बहुधा हौसेने नव्हे, तर परिस्थितीने घेतली जाते. बँडमध्ये दोन गिटारवादक आधीच असतात आणि तिसऱ्यापुढे खर्जात उतरणे किंवा घरी जाणे एवढेच पर्याय उरतात. बीटल्समधून त्यांचे बेसवादक स्टुअर्ट सटक्लिफ बाहेर पडल्यावर पॉल मॅकार्टनी यांच्याकडे हे काम आले ते याच वाटेने. फेंडरची किंमत शंभर पौंडांच्या घरात असल्यामुळे त्यांनी १९६१ साली हॅम्बुर्ग येथे होफ्नर कंपनीचा व्हायोलिनच्या आकाराचा बेस सुमारे ३० पौंडांना घेतला. त्याच्या दोन्ही बाजू सारख्या असल्याने डावखुऱ्या माणसाच्या हातीही तो विचित्र दिसत नव्हता. हा बेस १९७२ साली लंडनमध्ये एका व्हॅनमधून चोरीला गेला आणि तो परत मिळाल्याची बातमी २०२४ साली जाहीर झाली, त्यावरून स्वस्त म्हणून घेतलेली वस्तू अर्धशतकानंतरही शोधण्याच्या योग्यतेची ठरू शकते, असा निष्कर्ष काढून अनेक वादक आपल्या स्वस्त खरेदीचे समर्थन करतात, आणि महाग खरेदीचेही. बिल वायमन यांच्याबाबत तर असे वारंवार सांगितले जाते की १९६२ साली रोलिंग स्टोन्समध्ये त्यांचा प्रवेश होताना त्यांच्या बोटांपेक्षा त्यांच्याजवळच्या भल्यामोठ्या अँप्लिफायरचे पारडे जड ठरले होते.

दुसऱ्या गिटारीपासून मात्र कारणे सैद्धांतिक होत जातात. चार तारांच्या खाली आणखी एक खर्जाची तार असलेली पाच तारांची गिटार हवीच, असे वादकाच्या मनाने घेतलेले असते, आणि त्या पाचव्या तारेचा ३१ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला केवळ ३१ कंपनांचा, स्वर एका कार्यक्रमात दोनदा लागतो, तोही एकदा चुकून. मग पडदे नसलेली हवी, मग आखूड दांडीची हवी. कडेला काळी आणि मध्यावर पिवळसर होत जाणारी ‘सनबर्स्ट’ ही रंगछटा इतकी दशके का टिकली, याचे सौंदर्यशास्त्रीय विवेचन पुष्कळ करता येईल. परंतु तिसरी गिटार पहिल्या दोघींसारखीच दिसली तर ती घरात आल्याचे घरातल्यांच्या लवकर लक्षात येत नाही, हे व्यावहारिक कारणही दुर्लक्षिण्याजोगे नाही.

खरा विषय फेरफारांचा, ज्यांना वादकांच्या बोलीत ‘मॉड’ म्हणतात. या क्षेत्रातील सर्वांत आदरणीय उदाहरणे पाहिली तर त्यांपैकी बहुतेकांच्या मुळाशी दारिद्र्य, आळस किंवा अपघात आढळतो. वायमन यांनी १९६१ साली एक स्वस्त बेस घेतला, त्याचे धड कापून लहान केले आणि खडखडणारे पडदे नवे बसवण्याच्या इराद्याने उपटून काढले. पडद्यांविना तो अधिक गोड वाजतो असे लक्षात आल्यावर नवे पडदे बसवायचे राहून गेले ते राहूनच गेले. फ्लोरिडात वाढलेल्या जॅको पास्टोरियस यांच्या १९६२ सालच्या फेंडर जॅझ बेसवरही पडदे नव्हते. ते त्यांनी स्वतः उपटले की वाद्य मिळाले तेव्हाच नव्हते, याबद्दल खुद्द त्यांनीच वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे सांगितले. पडद्यांच्या खाचा त्यांनी लाकडी पुट्टीने बुजवल्या आणि खरखरीत तारांनी दांडी खरवडली जाऊ नये म्हणून तिच्यावर होड्यांना लावतात ते इपॉक्सी थापले. त्या दांडीतून निघालेला गाता स्वर १९७६ सालच्या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत ऐकल्यापासून किती वादकांनी आपल्या धडधाकट गिटारींवर पकड चालवली याची मोजदाद नाही. खाचा बुजवणे सोपे असते, गाता स्वर काढणे सोपे नसते, आणि हा शोध पडदे काढून झाल्यावरच लागतो.

याहून बोधप्रद उदाहरण डेट्रॉईटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत बेस वाजवणाऱ्या जेम्स जेमर्सन यांचे आहे. तार तुटल्याशिवाय ती बदलायची नाही हा त्यांचा नियम होता. ब्रिजवर, म्हणजे तारा ज्या घोडीवरून जातात तिच्यावर, फेंडरने बसवलेले धातूचे झाकण इतर वादक काढून टाकत आणि काही जण त्यात सिगारेटची राख झटकत, ते त्यांनी जागेवरच राहू दिले, त्यामुळे त्याखालचा फोमचा तुकडाही तारांना टेकून त्यांची आस छाटत राहिला. आणि उजव्या हाताचे एकच बोट वापरून त्यांनी सगळा कारभार चालवला. थोडक्यात, त्यांचा अजरामर स्वर काहीही न करण्यातून निर्माण झाला. आज तोच स्वर मिळवण्यासाठी वादक फोमचा तुकडा विकत घेतो, धातूचे झाकण वेगळे मागवतो आणि ला बेला या कंपनीच्या, जेमर्सन यांचेच नाव असलेल्या, सपाट वेटोळ्यांच्या जाड तारांचा संच आणतो. जो गृहस्थ तारा बदलत नसे, त्याच्या नावाने तारा विकल्या जातात, हे व्यापाराच्या दृष्टीने कौतुकास्पदच आहे. दुसऱ्या पंथाचे वादक याच वेळी मळलेल्या तारा स्वयंपाकघरातील पातेल्यात उकळून त्यांचा नवेपणा परत आणण्याच्या खटपटीत असतात, आणि त्या पातेल्यात पुढे वरण शिजवायचे की नाही यावर घरोघरी जो वाद होतो त्यात संगीताचा पक्ष क्वचितच जिंकतो. फेंडर कंपनीच्या खास विभागाने १९९५ पासून मुद्दाम रंग खरवडलेली, धातूवर गंज चढवलेली नवी कोरी वाद्ये विकायला घेतली आणि ती न खरवडलेल्यांपेक्षा महाग ठेवली. जुन्या वादकांना जे निष्काळजीपणातून फुकट मिळाले, ते नव्या वादकाला हप्त्याने घ्यावे लागते.

सर्वच मॉड असे सरळ नसतात. दांडीच्या पोटात ‘ट्रस रॉड’ नावाची एक लोखंडी सळई असते, जिचे काम तारांच्या ओढीने वाकू पाहणाऱ्या दांडीला उलटा ताण देऊन सरळ ठेवणे हे होय. जुन्या धाटणीच्या फेंडर बेसमध्ये ही सळई पिळण्याचे टोक दांडीच्या बुडाशी, धडात लपलेले असते. त्यामुळे मुंबई-गोव्याच्या पावसाळी हवेत दांडी किंचित हलली की वादकाने तारा सैल कराव्यात, चार स्क्रू काढावेत, दांडी उचलावी, सळईला अंदाजाने पाव वेढा द्यावा, दांडी परत बसवावी, तारा चढवाव्यात, स्वर लावावेत आणि मग पाव वेढा जास्त झाला असे ओळखावे. पुढे हे टोक दांडीच्या वरच्या बाजूला, सहज हात पोहोचेल असे ठेवण्याची रीत रूढ झाली. तरीही पुष्कळ वादक जुनी, गैरसोयीची रचनाच अस्सल म्हणून निवडतात. दांडीवरील पट्टीच्या शिसवीबद्दलही असाच आग्रह आढळतो. फेंडर कंपनीने साठच्या दशकात ब्राझीलची शिसवी सोडून भारतीय शिसवी स्वीकारली, आणि १९९२ पासून ब्राझिलियन शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आल्यामुळे तिची जादू अधिकच वाढली; ज्या देशात शिसवीची कपाटे पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत, त्या देशातील वादकानेही भारतीय शिसवीकडे ‘नंतरची’ म्हणून नाक मुरडावे, हे आश्चर्यकारक आहे.

विजेच्या बाजूची कथा निराळी. तारेच्या कंपनाचे विजेत रूपांतर करणारे लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तार म्हणजे पिकअप. एका गुंडाळीचा पिकअप तारेबरोबर आसपासच्या दिव्यांची आणि ट्रान्सफॉर्मरची गुणगुणही इमानाने टिपतो. म्हणून फेंडर यांनी १९५७ साली प्रिसिजनसाठी पिकअपचे दोन तुकडे करून त्यांच्या गुंडाळ्या अशा उलटसुलट केल्या की गुणगुण परस्पर खोडली जावी. १९६० च्या जॅझ बेसमध्ये दोन स्वतंत्र पिकअप आले आणि दोन्ही पूर्ण उघडे असतील तरच गुणगुण थांबते अशी अवस्था झाली, त्यामुळे एखादा बंद करून मिळणाऱ्या खास स्वरात विजेचा स्वरही सामील होतो. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे आणि बेसच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्यावर ४९ हर्ट्झचा स्वर येतो. म्हणजे भारतीय बेसवादकाच्या साथीला सदैव एक तानपुरा असतो, फक्त तो थोडा चढा लागलेला असतो. यावर उपाय म्हणून नवे पिकअप येतात, त्यांच्यासाठी धडात प्रीअँप नावाचे छोटे ध्वनिवर्धक बसते, आणि त्याच्यासाठी नऊ व्होल्टची बॅटरी. वाद्याला केबल जोडलेली राहिली की ही बॅटरी वादन चालू नसतानाही खर्च होत राहते. तालमीनंतर केबल काढायला विसरलेल्या वादकाच्या गिटारीचा आवाज मग भर कार्यक्रमात आधी चिरका होतो आणि नंतर ऐकू येईनासा होतो. बेसवादक मार्कस मिलर यांच्या १९७७ सालच्या जॅझ बेसमध्ये न्यूयॉर्कचे कारागीर रॉजर सॅडोस्की यांनी प्रीअँप बसवला. पुढे फेंडरने तोच फेरफार कारखान्यातच करून मिलर यांच्या नावाचे मॉडेल काढले, आणि साहजिकच ते घेणाऱ्यांपैकी काहींनी आधी त्यातला प्रीअँपच बदलला.

एवढ्या सिद्धतेनंतर कार्यक्रमाची, म्हणजे ‘गिग’ची, वेळ येते. चार-साडेचार किलोंचे वाद्य तीन तास डाव्या खांद्यावर टांगल्यावर रुंद पट्ट्याचे महत्त्व कळते. आणि दांडी धडापेक्षा जड असेल तर हात सोडताच ती जमिनीकडे झुकू लागते, म्हणून हलक्या खुंट्या बसवण्याचा आणखी एक मॉड सुचतो. अँप्लिफायरचा प्रश्न याहून वजनदार होता. अँपेग कंपनीने १९६९ साली काढलेला ३०० वॅटचा एसव्हीटी हा व्हॉल्व्हचा अँप सुमारे चाळीस किलोंचा होता आणि त्याच्याबरोबरची आठ स्पीकरची पेटी एकट्या माणसाने उचलायची नव्हतीच. आता दोन-तीन किलोंत तेवढी शक्ती मिळते, परंतु जिना तीन मजल्यांचाच राहिला आहे. सर्वांत जाड तारेचा मोकळा स्वर ४१ हर्ट्झचा, म्हणजे त्याची एक लाट हवेत आठ मीटरांहून लांब असते. साहजिकच सभागृहाच्या एका कोपऱ्यात भिंती थरथरतात, दोन पावलांवर काहीच ऐकू येत नाही, आणि वादक नेमका त्या दोन पावलांवर उभा असतो, म्हणून तो आवाज वाढवतो. यावर ध्वनिसंयोजक एक छोटी ‘डीआय’ पेटी आणून गिटारची केबल थेट मुख्य यंत्रणेला जोडतो आणि अँपचा आवाज शून्याजवळ ठेवण्याची विनंती करतो. तीन मजले चढवून आणलेला तो अँप मग लग्नमांडवात मानाच्या खुर्चीवर बसवलेल्या आजेसासऱ्यासारखा, कोणीही काही न विचारता, कार्यक्रम संपेपर्यंत मागे बसून असतो. मोटाउनच्या स्टुडिओत जेमर्सन यांचा बेसही असाच थेट जोडला जात असे, हे सांगून वादकाचे सांत्वन करण्याचा प्रयत्न कोणी केल्यास तो यशस्वी होत नाही.

अखेर विक्रीची वेळ येते आणि तेथे एक निराळाच न्याय लागू होतो. १९६५ साली फेंडर कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरना सीबीएस या प्रसारण कंपनीला विकली गेली, त्यापूर्वीच्या वाद्यांना संग्राहक विशेष किंमत देतात, पण ती वाद्ये कोणी उघडलेली नसावीत अशी त्यांची अट असते; पिकअपच्या तारांचे मूळ सोल्डर जरी हललेले दिसले तरी किंमत खाली येते. त्यामुळे दूरदर्शी वादक काढलेला प्रत्येक मूळ भाग, प्रत्येक स्क्रू, बुटांच्या खोक्यात जपून ठेवतो आणि विकण्यापूर्वी पुन्हा पैसे देऊन कारागिराकडून तो जागच्या जागी बसवून घेतो. खोके नेहमी पूर्ण भरत नाही, कारण मूळ ब्रिज मध्यंतरी चौथ्या गिटारीवर चढलेला असतो. गिऱ्हाईक येतो, मूळ पिकअप पाहून समाधान व्यक्त करतो, ब्रिजपायी किंमत थोडी पाडतो, आणि गिटार केसमध्ये ठेवता ठेवता काढलेला प्रीअँप वेगळा किती रुपयांना पडेल, अशी चौकशी करतो.