छोट्या बशीपुढचा वऱ्हाडी

छोट्या बशीपुढचा वऱ्हाडी हा अमरावती-अकोल्याकडे वाढणारा आणि पुण्यात आढळणारा माणूस आहे. वय साठीच्या आसपास, मुलगा हिंजवडीत, शेती मक्त्याने दिलेली. अकोल्याचा पारा पंचेचाळिशी ओलांडू लागला की तो महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याला येतो. अमरावतीचा असेल तर बडनेऱ्याला येऊन हीच गाडी धरतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सूनबाई म्हणते, "आज बाहेरच जेवू या," आणि कुटुंब बाणेर-बालेवाडीच्या किंवा कोरेगाव पार्काच्या बाजूला एखाद्या लॅटिन धाटणीच्या रेस्टॉरंटात जाते. त्याचा अभ्यास तिथून सुरू होतो. तोवर तो चारचौघांसारखाच असतो.

अशा ठिकाणाची रीत थोडक्यात सांगायला हवी. मेक्सिकोचा टाको, पेरूचे सेविचे, अर्जेंटिनाची एम्पानाडा आणि स्पेनची लहान बशांत खायची पद्धत असे सगळे एकाच मेन्यूकार्डावर नांदत असते. बशी एकाची नसते, टेबलाची असते. पदार्थ जसे तयार होतील तसे येतात, त्यामुळे एक बशी संपून दुसरी येईपर्यंत टेबलावर नुसते पाण्याचे ग्लास उरतात. दिवे इतके मंद, की कार्ड मोबाइलच्या टॉर्चने वाचावे लागते. पाहुणा ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, मिटतो आणि विचारतो, "हे सारं चिल्लर झालं. जेवन कोन्त्या पानावर हाये?"

मग पहिली बशी येते. काळ्या दगडी पाटीवर तीन टाको, प्रत्येक तळहाताएवढा, वर लाल कांद्याच्या चार काड्या आणि सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, तीन पाने. टेबलाभोवती माणसे पाच. पाहुणा पाटीखाली आणखी काही आहे का ते वाकून पाहतो आणि वेटरला म्हणतो, "दादा, हे दाखवाले आनलं का खावाले?" वेटर झारखंडचा नाहीतर आसामचा असतो, तो नम्रपणे "सर, शेअरिंग के लिए है" असे सांगतो. पुढच्या पाच मिनिटांत जे होते त्याला वाटणी म्हणावे की माघार, हे ठरवणे कठीण आहे. पाहुण्याची बायको "मले भूकच नाही" म्हणते. सूनबाई सुरी घेऊन टाकोचे दोन भाग करायला जाते; कापलेला टाको टाको राहत नाही, सारण एका बाजूला आणि पोळी दुसऱ्या बाजूला होते. मुलगा "बाबा, तुम्ही घ्या" म्हणतो, बाबा आपला तुकडा नातवाच्या पुढ्यात सरकवतात, नातू त्यातले चीज काढून घेऊन बाकीचे आजीकडे पाठवतो. बशी रिकामी होते, पण जेवले कोण हे कुणालाच सांगता येत नाही.

या माणसाच्या दोन पोटजाती आहेत. अकोल्याचा पाहुणा हा कापूस बाजार आणि दालमिलच्या गावचा, त्यामुळे त्याची जीभ चव सांगण्याआधी भाव सांगते. तीन टाकोंना सहाशे रुपये हे वाचल्याबरोबर त्याचा हिशेब सुरू होतो. मक्याचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये, म्हणजे किलोला २४. तीन टाकोंना पीठ फार तर ७५ ग्रॅम, म्हणजे एक रुपया ऐंशी पैसे. भाजी, चीज आणि सांभार धरून तो आकडा मोठ्या मनाने पन्नासवर नेतो, गॅस, भाडे आणि एसी धरून दीडशेवर, आणि तिथून सहाशेपर्यंतचा रस्ता त्याला काही केल्या सापडत नाही. जेवण संपेपर्यंत तो हा रस्ता शोधत असतो.

अमरावतीचा पाहुणा हिशेबात पडत नाही. अमरावती हे कॉलेजांचे गाव आणि हा तिथल्याच एखाद्या कॉलेजातून निवृत्त झालेला. त्यामुळे तो व्याख्यान देतो. व्याख्यानाचा विषय असा, की या टेबलावर परके काहीच नाही. मका आपला, मिरची आपली, भेदरं आपलं, आलू आपला, फल्ली आपली. साल्सा म्हणून जे वाटीत आले आहे ते खलबत्त्यात कुटले असते तर ठेचाच झाला असता. "मेक्सिकोवाल्याइनं आपलंच नेलं," असा त्याचा निष्कर्ष असतो. यात वस्तूंची यादी बरोबर आहे, फक्त प्रवासाची दिशा उलटी आहे. मका, मिरची, टोमॅटो, बटाटा, भुईमूग, पपई, पेरू, सीताफळ ही सगळी अमेरिका खंडांतली पिके. १४९२ मध्ये कोलंबस तिकडे पोचला, १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतले, आणि पुढच्या तीन-चार शतकांत ही पिके एकेक करून इकडे रुजली. २००२ मध्ये बीटी वाणांना परवानगी मिळाल्यावर वऱ्हाडात सर्वत्र पसरलेली संकरित कपाशीसुद्धा मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडच्या जातीची आहे. म्हणजे ज्याला टाको आपला वाटतो त्याचेच शेत, ठेचा आणि अंगातला सदरा तिकडचा. हे त्याला कुणी सांगत नाही, कारण व्याख्यान चालू असते.

सेविचेपाशी दोन्ही पोटजाती एक होतात. कच्च्या माशाचे तुकडे लिंबाच्या रसात मुरवतात. आंबटपणाने मांस पांढरे आणि घट्ट होते, विस्तव लागतच नाही. पेरूला या पदार्थाचा इतका अभिमान, की २०२३ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत त्याची नोंद झाली. बहिरमच्या यात्रेत चुलीवर तासन्तास रटरटणाऱ्या मटणाच्या हंडीवर वाढलेला माणूस हे सगळे ऐकून घेतो आणि हळूच विचारतो, "गॅस सरला काय त्याइचा?"

तिखटाच्या बाबतीत त्याला स्वतःबद्दल खात्री असते. वेटर हाबानेरो मिरचीच्या साल्साबद्दल सावध करतो तेव्हा तो हसतो आणि चमचाभर एकदम घेतो. हाबानेरो ही आपल्या रोजच्या मिरचीपेक्षा कितीतरी जहाल असते, पण ती जरा उशिरा बोलते. पहिल्या दहा सेकंदांत तो "काहीच तिखट नाही" हे जाहीर करतो. नंतर बराच वेळ तो काही बोलत नाही. डोळे पुसताना मात्र एसीचा झोत थेट तोंडावर येत असल्याची तक्रार करतो.

त्याची खरी अडचण चवीची नाहीच. वऱ्हाडातल्या पंगतीत किती खायचे हे जेवणारा ठरवत नाही, वाढणारा ठरवतो. रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण घेऊन तो रांगेतून फिरतो, पानावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून तूप सोडतो आणि "एक रोडगा कायचा जड होते, बापा!" म्हणत दुसरा टाकतो. नाही म्हणण्याची हौस तिथे पुरेपूर भागते. छोट्या बशीच्या रेस्टॉरंटात त्याला एकदाही नाही म्हणायला मिळत नाही. शेवटची एम्पानाडा बशीत एकटी पडून राहते. मानपानापायी तिला कुणी हात लावत नाही, आणि कुणीतरी आग्रह करील म्हणून पाहुणा वाट पाहतो. तेवढ्यात वेटर बशी उचलायला येतो. पाहुणा दोन बोटांनी बशीची कड दाबून धरतो, वेटर दुसऱ्या कडेने ओढतो, आणि क्षणभर दोघेही हसत राहतात.

बिलाचा प्रसंग त्यामानाने सोपा. चष्मा वर जातो, पाच टक्के जीएसटी मान्य होतो, सेवा शुल्कावर बोट थांबते. हे शुल्क ग्राहकावर लादता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये सांगितले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. अकोल्याच्या पाहुण्याला हे तोंडपाठ असते. शुल्क निघते. मग निघालेली तेवढीच रक्कम, वर शंभर घालून, तो झारखंडच्या पोराच्या हातात ठेवतो आणि "जेवला काय तू?" असे विचारतो.

गावी परतल्यावर त्याच्यात झपाट्याने बदल होतो. चौकातल्या मंडळींना तो टाकोची रचना हातवारे करून समजावतो. पुढच्या खेपेला सोबत साळा असतो, साळा "जेवन कोन्त्या पानावर?" म्हणताच हा त्याला थांबवतो, "असं नसते बापा, शेअर कराचं असते." आणि अलीकडे तर लॅटिन पदार्थच त्याच्याकडे चालत आले आहेत. अमरावतीच्या लग्नांत चाटच्या शेजारी मेक्सिकन काउंटर लागू लागले आहे. तिथे तो टाकोच्या रांगेत तिसऱ्यांदा उभा असतो, काउंटरवरच्या पोट्ट्याला "आडवा धर, आडवा" असे शिकवत. आणि टाको आडवा झाला की मागच्या वाढप्याला हाक मारून त्यावर पाटवडीचा रस्सा घालून घेतो.